पंधरावं कलम आणि पंच्याहत्तरावं

विनोबा भाव्यांचा जन्म १८९५ चा, पेण तालुक्यातल्या गागोद्याचा. वडील पुढे बडोद्याला नोकरीला, शिस्तीला कडक. लहानपणी मार रोजचाच असे, असं विनोबांनीच सांगून ठेवलं आहे. एक दिवस तो थांबला, आणि मुलगाच बुचकळ्यात पडला. त्याला सोळावं लागलं होतं. सोळाव्या वर्षापासून मुलाशी मित्रासारखं वागावं, हे शास्त्रवचन वडिलांनी शब्दशः पाळलं होतं.

सोळाचा आकडा आपल्या कायद्यालाही महत्त्वाचा वाटतो, पण वेगळ्या कारणासाठी. दिल्लीच्या २०१२ च्या सामूहिक बलात्कार प्रकरणानंतर आलेल्या २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं पंधरावं कलम सांगतं की, सोळा ते अठरा वयाच्या मुलावर खुनासारखा आरोप असेल, तर त्याला परिणामांची समज होती का हे बाल न्याय मंडळाने तपासावं. त्यावरून खटला प्रौढासारखा चालवायचा का ते ठरतं. आपली सगळी भांडणं या कलमाभोवती. शिक्षा किती, वय किती. पण मुलाने घरच्यांचाच जीव घेतला असेल, तर तोवर घरातलं माणूस गेलेलं असतं.

मुलाने घरच्यांवरच हत्यार उचललं की आपली कारणं तयार असतात: मोबाइल, नाहीतर वाईट संगत. लखनऊत २०२२ साली सोळा वर्षांच्या मुलाने आईवर गोळी झाडल्याचं प्रकरण झालं, तेव्हा देशभर बातमी झाली ती मोबाइलवरच्या खेळाची. वडिलांचं परवान्याचं पिस्तूल मुलाच्या हाती लागतं कसं, यावर फारसं कुणी बोललं नाही. कोकणात तर पिस्तूलही नको. कोयता दारामागेच असतो.

आई-वडिलांचा जीव घेणाऱ्या मुलांवर अमेरिकेच्या कॅथलीन हाइड यांनी वर्षानुवर्षं काम केलं. त्यांनी अशा मुलांचे तीन प्रकार सांगितले: दीर्घकाळ छळ सोसलेली, गंभीर मानसिक आजार असलेली आणि मुळातच बेदरकार. किशोरवयीनांमध्ये पहिला प्रकार त्यांना सर्वाधिक आढळला. मार खाल्लेली बहुतेक मुलं कुणाच्या अंगावर जात नाहीत, हेही खरंच. आणि छळ झाला म्हणून खून माफ होत नाही. पण आजाराची असोत वा छळाची, लक्षणं आधी दिसतात, आणि ती बघणारी माणसं आसपासच असतात.

रोह्याच्या धाटाव एमआयडीसीत रात्रपाळी करून आलेला शेजारी पलीकडच्या घरातला आरडाओरडा ऐकतो आणि कूस बदलतो. पेणजवळ हमरापूर-जोह्याच्या गणपतीच्या कारखान्यात हाताखालच्या पोराच्या पाठीवरचे वळ सगळ्यात आधी कारागिराला दिसतात. ‘त्यांच्या घरचा मामला’ म्हणून दोघंही गप्प. ही भिडस्त सभ्यता मला गुन्ह्यातली भागीदारी वाटते.

कारण मामला घरचा नाहीच. त्याच बाल न्याय कायद्याचं पंच्याहत्तरावं कलम सांभाळणाऱ्यानेच मुलावर केलेल्या क्रूरतेला तीन वर्षांपर्यंत कैद सांगतं. एकशे सातव्या कलमाने प्रत्येक पोलीस ठाण्यात बालकल्याण पोलीस अधिकारी नेमायला हवा. आपल्या ठाण्यात तो कोण, हे जाऊन विचारा. मुलाचं किंचाळणं रोज कानावर येत असेल, तर मुलांसाठीच्या मदतवाहिनीचा १०९८ फिरवा; फोनला पैसे पडत नाहीत.