झाकली मूठ

झाकली मूठ सव्वा लाखाची, अशी आपल्या मराठीत म्हण आहे. आम्ही पाच जणांनी २०२३ च्या मे महिन्यात एक जुनी मोटारगाडी घेतली, ती नेमकी सव्वा लाखाला. व्यवहाराच्या दिवशी आमच्यापैकी कोणालाही ही म्हण आठवली नाही. पावसाळ्यात मूठ उघडली तेव्हापासून मात्र ती रोज आठवू लागली.

आम्ही म्हणजे दापोली तालुक्यातल्या एका उर्दू शाळेतले पाच शिक्षक. एसटी सकाळी एक आणि संध्याकाळी एक, पावसात तिचाही भरवसा नाही. म्हणून प्रत्येकी पंचवीस हजार काढले आणि चिपळूणच्या एका वयस्कर गृहस्थांची नऊ वर्षे वापरलेली गाडी घेतली. त्यांना आम्ही चाचा म्हणू लागलो. गाडी धुऊनपुसून ठेवलेली होती. आत अत्तराचा वास दरवळत होता. शंभर रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर मजकूर लिहिला गेला: गाडी आहे त्या स्थितीत विकली, पुढे कोणतीही तक्रार चालणार नाही. आरटीओच्या २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर सह्या झाल्या, चाचांनी चहा पाजला, दुआ दिली, आणि आम्ही निघालो.

जूनमध्ये पहिला पाऊस पडला आणि गाडीचा स्टार्टर गेला. मग रात्री दिवे आपोआप मंद होऊ लागले. एके दिवशी शाळेच्या फाटकाशी हॉर्न स्वतःहूनच वाजू लागला, तो बॅटरीची तार काढेपर्यंत थांबेना. पोरांना मजा वाटली. आम्हांला वाटली नाही. ऑगस्टमध्ये खेडच्या मिस्त्रीने सीट सोडवल्या आणि खालचे कार्पेट उचलले. तळाशी वाळलेला, पिठासारखा मऊ गाळ होता. त्याने सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून दाखवला. पट्ट्यावर मातीची आडवी रेघ होती. तो म्हणाला, "सर, ही गाडी पाण्याखाली होती."

चिपळूणमध्ये पाणी म्हटले की कोकणात वेगळे सांगावे लागत नाही. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी शहरात शिरली होती. दुकाने, घरे, गाड्या, सगळे पाण्याखाली गेले होते. दिवाळीपर्यंत आमचा दुरुस्तीचा खर्च अडतीस हजारांवर पोहोचला.

आम्ही फसवले गेलो काय? प्रश्न साधा वाटतो. पण आम्ही जसजसा तो सोडवू लागलो तसतसा त्याचा गुंता वाढत गेला.

सप्टेंबरमध्ये आम्ही चाचांच्या घरी गेलो. भिंतीवर, डोक्याच्याही वर, पुराच्या पाण्याची खूण अजून दिसत होती. त्यांनी काही नाकारले नाही. "गाडीचा विमा फक्त थर्ड पार्टीचा होता. पुराचा एक पैसा मिळाला नाही. घर उभं करायचं होतं," ते म्हणाले. आम्ही विचारले, "मग आम्हांला सांगितलं का नाही?" थोडा वेळ गप्प राहून ते म्हणाले, "तुम्ही विचारलं असतंत तर मी खोटं बोललो नसतो, बेटा." चाची चहा घेऊन आल्या. आम्ही चहा प्यालो आणि पैशांचा विषय न काढता परत आलो.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. १९३० च्या मालविक्री कायद्याचा सर्वसाधारण नियम असा की, वस्तू पारखून घेणे हे गिऱ्हाइकाचे काम. त्याला अपवाद आहेत, पण ते बहुतांशी व्यापाऱ्याला लागू होतात. घरातली गाडी विकणारा गृहस्थ काही व्यापारी नव्हे. १८७२ च्या करार कायद्याचे १७ वे कलम तर सांगते की नुसते गप्प राहणे म्हणजे फसवणूक नव्हे. तिथे उदाहरण घोड्याचे आहे. विकणाऱ्याला ठाऊक आहे की घोडा धड नाही, पण तो काहीच बोलत नाही. ही फसवणूक नाही. मात्र त्याच कलमात पुढे आणखी उदाहरणे आहेत. घेणारी त्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर त्या नात्यामुळे सांगणे हे बापाचे कर्तव्य ठरते. आणि घेणारा जर म्हणाला की तुम्ही नाही म्हटले नाहीत तर मी घोडा निरोगी समजेन, तर त्यानंतरचे मौन बोलण्यासारखेच धरले जाते.

म्हणजे चाचांचे म्हणणे कायद्याला धरून होते. एक प्रश्न विचारला असता तर त्यांचे मौन मौन राहिले नसते. तो प्रश्न आम्ही विचारला नव्हता.

आता दीन काय म्हणतो? एक हदीस आम्ही दरवर्षी वर्गात शिकवतो. प्रेषित हजरत मुहम्मद (स.) बाजारातून जात असताना त्यांनी धान्याच्या एका ढिगात हात घातला. बोटांना ओल लागली. व्यापाऱ्याला विचारले, हे काय? तो म्हणाला, यावर पाऊस पडला. तेव्हा प्रेषितांनी विचारले की मग ओले धान्य वर का ठेवले नाहीस, म्हणजे लोकांना दिसले असते. आणि सांगितले की जो धोका देतो तो आमच्यातला नाही.

इतकी वर्षे ही गोष्ट आम्ही लबाड व्यापाऱ्याची गोष्ट म्हणून सांगत होतो. चाचांच्या भिंतीवरची खूण पाहिल्यावर ती आम्हांला वेगळी ऐकू आली. तो व्यापारी खोटे बोलला नव्हता. पाऊस खरोखरच पडला होता. धान्य भिजले यात त्याचा काही दोष नव्हता, आणि प्रेषितांनीही त्याला त्याबद्दल बोल लावला नाही. दोष एवढाच की ओले खाली गेले आणि कोरडे वर आले. आभाळाने केलेले नुकसान त्याने गुपचूप दुसऱ्याच्या पदरात टाकले. पूर येणे हा चाचांचा गुन्हा नव्हता. अत्तर मात्र त्यांनी शिंपडले होते.

मग स्टॅम्प पेपरवरच्या त्या ओळीचे काय? आहे त्या स्थितीत ही अट आजची नाही. फिकहमध्ये तिच्यावर फार जुनी चर्चा आहे. इमाम मालिक यांच्या मुवत्तामध्ये एक खटला नोंदलेला आहे. हजरत अब्दुल्लाह इब्न उमर (रजि.) यांनी दोषांची जबाबदारी आपल्यावर नाही या अटीवर एक गुलाम आठशे दिरहमला विकला. विकला गेला तो माणूस होता, हे वाचताना आज मन अडखळते, आणि अडखळलेच पाहिजे. पुढे घेणाऱ्याने तक्रार केली की याला रोग आहे, तो मला सांगितला नाही. खटला हजरत उस्मान (रजि.) यांच्यापुढे गेला. त्यांनी निकाल दिला की विकताना आपल्याला या रोगाची माहिती नव्हती अशी शपथ इब्न उमर यांनी घ्यावी. त्यांनी शपथ घ्यायला नकार दिला आणि गुलाम परत घेतला. पुढे तो बरा झाला आणि पंधराशे दिरहमला विकला गेला.

या निकालात अट रद्द झालेली नाही, हे लक्षात घेतले पाहिजे. प्रश्न एवढाच विचारला गेला की तुला माहीत होते का? हनफी फकीह अशी अट सगळ्या दोषांपुरती मान्य करतात. आम्ही कोकणातले बहुतेक शाफई. शाफई मतानुसार ही अट फार थोड्या ठिकाणी चालते: जनावराच्या आतल्या, विकणाऱ्यालाही ठाऊक नसलेल्या दोषापुरती. जनावराच्या पोटात काय चालले आहे ते मालकालाही कळत नाही, म्हणून ही सवलत. आमच्यात यावर बराच वाद झाला. आमचे गणिताचे सर म्हणाले, गाडी हे जनावरच समजा, तिच्याही पोटातले कोणाला कळते? उर्दूच्या आपा म्हणाल्या, जनावर समजा की भांडे समजा, चाचांना ठाऊक होते. वाद तिथेच संपला.

पण चाचांना दोषी ठरवून आम्हांला समाधान मिळेना. त्याचे कारण सांगणे अवघड आहे, तरी सांगतो. गाडी पाहायला गेलो त्या दिवशी चाचांनी एक लाख चाळीस हजार सांगितले होते. तशा गाडीचा बाजारभाव त्याहून बराच जास्त होता, हे आम्ही चौकशी करून गेलो होतो. गाडी चिपळूणची आहे हेही आम्हांला ठाऊक होते. पूर ठाऊक होता. घराचे प्लास्टर अर्धवट होते, ते आम्ही पाहिले. माणूस अडलेला आहे हे ओळखून आम्ही आणखी पंधरा हजार कमी करून घेतले आणि परतताना त्या गोष्टीवर खूशही झालो. पुराचा प्रश्न आमच्यातल्या एकाच्या ओठांवर आला होता. दुसऱ्याने त्याला डोळ्यांनीच गप्प केले. विचारले तर चाचांना वाईट वाटेल, असे कारण आम्ही स्वतःला दिले. खरे कारण हे की उत्तर ऐकले असते तर एवढ्या स्वस्तात गाडी घेता आली नसती. त्या खोलीत झाकलेल्या मुठी दोन होत्या.

याने चाचांचा दोष कमी होत नाही. दोन मौने एकमेकांना फेडून टाकत नाहीत. पण फसवल्या गेलेल्या माणसाचा जो एक भोळा चेहरा असतो, तो आम्हांला लावता येत नव्हता. शिवाय दोष कळल्यावर गाडी ताबडतोब परत करावी, असे शाफई मत आहे. आम्ही मात्र ती आणखी कित्येक महिने शाळेला नेत राहिलो.

खरी परीक्षा पुढे होती. २०२४ च्या उन्हाळ्यात आम्ही गाडी विकायला काढली. आता माहिती आम्हांला होती. मिस्त्रीने कार्पेट उचलले त्या क्षणी आमचे अज्ञान संपले होते, ते परत आणता येणार नव्हते. गाडी आता चालत होती, वायरिंग नवी होती. न सांगता विकली तर एक लाख सहज येतील, असे दोघांचे मत होते. सांगितले तर किती येतील, कोणास ठाऊक.

गाडी पाहायला आला तो मंडणगडकडचा भाजीचा धंदा करणारा एक हिंदू तरुण. आमच्यातला एक जण म्हणाला, हदीसमध्ये मुसलमान भावाला ऐब दाखवून विकण्याविषयी सांगितले आहे. यावर बाकीचे काही क्षण गप्पच झालो. मग आपा म्हणाल्या, "एका रिवायतीत तर कोणाला ते सांगितलंच नाही. नुसतं म्हटलंय, ज्याने धोका दिला तो माझ्यातला नाही." भावाने आपल्याला फसवले आणि आता आपण नसलेल्या भावाचा शोध घेतो आहोत, हे बोलणाऱ्यालाही जाणवले असावे. कायदा बापाला सांगतो की मुलीशी गप्प राहू नकोस. दीन ते नाते मुलीपाशी थांबू देत नाही, बाजारातल्या परक्या माणसापर्यंत नेतो. आमच्या समजुतीप्रमाणे फरक एवढाच आहे.

आणखी एक गोष्ट आहे. अमेरिकन अर्थतज्ज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या गाड्यांच्या बाजारावरच एक निबंध लिहिला आणि २००१ साली त्यांना नोबेल मिळाले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: चांगली गाडी कोणती आणि खराब कोणती हे गिऱ्हाइकाला कळत नसेल, तर तो सगळ्याच गाड्यांना मधला भाव देतो. त्या भावात चांगल्या गाडीचा मालक विकायला येत नाही, आणि बाजारात खराब गाड्याच उरतात. म्हणजे गप्प राहणारा फक्त समोरच्याला बुडवत नाही. ज्याच्याशी त्याची कधी गाठही पडणार नाही अशा प्रामाणिक विकणाऱ्यालाही तो बुडवतो.

आम्ही मत घेतले. तीन विरुद्ध दोन. त्या तरुणाला पुराचे सांगितले, सीटबेल्ट ओढून दाखवला, मिस्त्रीची बिले दिली. त्याने विचार केला, दुसऱ्या दिवशी आपला मिस्त्री आणला आणि सत्तर हजारांना गाडी नेली.

हिशेब मांडला. प्रत्येकी अठरा हजार सहाशे रुपये तोटा. आणि इथे असा एक प्रश्न उभा राहिला, ज्याचे उत्तर आम्हांला कुठल्याच पुस्तकात सापडले नव्हते. आमच्यात एक तरुण शिक्षण सेविका आहे. तिचे मानधन महिना सोळा हजार. आम्हां चौघांच्या पगारात हा तोटा महागडा पण सोसण्यासारखा होता. तिचा मात्र महिन्याहून जास्त पगार त्यात गेला. आणि तिने न सांगण्याच्या बाजूने मत दिले होते. आम्ही तिच्या पैशांनी आमचे ईमान सांभाळले होते काय?

खरे बोलावे, हे शिकवणे सोपे आहे. पण खरे बोलण्याचा खर्च सगळ्यांना सारखा पडत नाही, हे आम्ही कधी शिकवले नव्हते. शेवटी चौघांनी तिचा सगळा तोटा वाटून घ्यायचे ठरवले. तिने अर्धाच घेऊ दिला. म्हणाली, "गाडीत मीही बसत होते." चाचांच्या घरी भाव कमी केला तेव्हाही ती आमच्यासोबत होती, हे तिने बोलून दाखवले नाही, पण तिच्या मनात असावे.

चाचांना आम्ही माफ केले का? ते पंधरा हजार मनात आले की माफी कोणी कोणाची मागायची हेच नीट ठरत नाही. यंदा ती धान्याची हदीस वर्गात शिकवायची वेळ आली तेव्हा एका मुलाने विचारले, "सर, पण त्याचं धान्य तर पावसानेच भिजलं होतं ना?" पूर्वी आम्ही त्याला गप्प बसवले असते. या वेळी खडू खाली ठेवला आणि म्हटले, हो, पावसानेच. आता आपण बोलू या की मग त्याने काय करायला हवे होते, आणि घेणाऱ्याने काय विचारायला हवे होते.