कोयता एक, माणसं दोन

"सहा वर्षांत तेवीसचे बेचाळीस झाले, ताई. आता तरी तक्रार थांबवा," आमच्या सोसायटीतले एक निवृत्त बँक अधिकारी मला म्हणाले. आकडा त्यांनी बरोबर सांगितला होता. केंद्र सरकारच्या श्रमबल सर्वेक्षणात पंधरा वर्षांवरच्या स्त्रियांचा सहभाग 2017-18 मध्ये 23.3 टक्के होता, 2023-24 मध्ये तो 41.7 टक्क्यांवर गेला. खेड्यांत तर 24.6 वरून 47.6. मी त्यांना तिथल्या तिथे उत्तर दिलं नाही, पण ते वाक्य मनातून जाईना.

बाई दिवसभर राबते आणि तिचं राबणं कोणी धरत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. 2024 च्या वेळवापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्यांमध्ये बायकांची सरासरी दिवसाला 289 मिनिटं भरली, पुरुषांची 88. त्यावर इथे आणखी लिहीत नाही. माझं लक्ष नेहमी एका वेगळ्या फरकाकडे जातं. राबती बाई वेगळी आणि कमावती बाई वेगळी. एक दुसरी असतेच असं नाही, आणि सहभागाचा टक्का या दोघींना एकाच रकान्यात बसवतो.

वाढ कुठून आली ते बघावं. या मोजणीत वर्षातून तीस दिवस काम केलं तरी माणूस कामकरी ठरतो. कामकरी बायकांपैकी सुमारे दोन-तृतीयांश आज 'स्वयंरोजगारी' आहेत, आणि एकूण कामकरी बायकांत एक-तृतीयांशाहून जास्त 'घरच्या उद्योगातल्या मदतनीस' आहेत. म्हणजे घरच्या शेतात, गोठ्यात, दुकानात राबणाऱ्या, मोबदला न मिळणाऱ्या. पगारी नोकरीवाल्यांचं प्रमाण याच काळात 21 टक्क्यांवरून 16 च्या आसपास खाली आलं. वाढल्या त्या राबत्या, कमावत्या नव्हेत. एवढ्यावर त्या गृहस्थांना उत्तर मिळालं, असं मला आधी वाटलं होतं.

पण पुन्हा भेट झाल्यावर त्यांनी जे विचारलं ते सहज झटकता येण्यासारखं नव्हतं. "शेतकऱ्याला तरी पगार कुठे असतो? दोघं राबतात, पैसा एकाच घरात येतो. मग बाईलाच बिनमोबदला का म्हणायचं?" यात तथ्य आहे. अवकाळीत कांदा सडतो तेव्हा नुकसान दोघांचं होतं. पण कांदा विकला जातो तेव्हा बाजार समितीतली पट्टी नवऱ्याच्या नावानं निघते. उसाचं बिल त्याच्या खात्यावर पडतं, पीककर्ज त्याला मिळतं, सातबारा त्याचा असतो. तोटा घराचा आणि नाव एकट्याचं, ही वाटणी निसर्गानं केलेली नाही. त्या गृहस्थांनी आयुष्यभर कर्जाच्या अर्जांवर सह्या घेतल्या. अर्जदाराच्या जागी किती बायकांची नावं होती, हे त्यांनीच आठवून पाहावं.

वय लक्षात घेतलं की बाईचं काम घरावर कसं अवलंबून असतं हे आणखी स्पष्ट होतं. पुरुषाचा सहभाग पंचविशीत वर चढतो आणि साठीपर्यंत जवळजवळ सपाट राहतो. आपल्याकडे तिशी-चाळिशीतले शंभरातले सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव पुरुष श्रमबलात असतात. बाईची रेषा मात्र तिच्या घरात काय घडतंय त्यावर वरखाली होते. जपानमध्ये ती वर्षानुवर्षं दोन शिखरांची होती: लग्नाआधी नोकरी, मुलं झाली की घर, मुलं मोठी झाल्यावर पुन्हा काम. गेल्या काही दशकांत मधली दरी जवळजवळ बुजली. पण परतलेल्यांपैकी पुष्कळजणी अर्धवेळ कामावर आहेत, आणि ठरावीक रकमेपलीकडे कमावलं तर नवऱ्याच्या आधारानं मिळणाऱ्या करसवलती आणि विमा सुटतो म्हणून कित्येकजणी मुद्दाम तास कमी ठेवतात. आपल्या खेड्यांत दोन शिखरं दिसत नाहीत. तिथे विशीत कमी असलेला सहभाग चाळिशीकडे चढत जातो. चूल सांभाळायला दुसरी बाई आली की पहिली रानात जायला मोकळी होते, असा मी त्याचा अर्थ लावते. आणि साठीनंतर? "आता माझ्याच्यानं काय होतंय," असं म्हणत म्हातारी शेंगा फोडत बसलेली असते. सर्वेक्षणाचे प्रश्न विचारणाऱ्यानं तिचं म्हणणं तसंच लिहून घेतलं तर ती श्रमबलातून गेली.

इथे मला माझाच मुद्दा उलटा धरावा लागतो. बेचाळीस पोकळ म्हणायचे, तर तेवीस भरीव होते का? देशातल्या चार बायकांपैकी एकसुद्धा पुरती कामात नव्हती, हे भाताची लावणी आणि कापसाची वेचणी पाहिलेला कोण मान्य करील? घरच्या शेतावर किंवा धंद्यात बिनपगारी केलेलं कामही काम धरायचं, हे 1991 च्या जनगणनेत प्रश्नातच मुद्दाम लिहावं लागलं होतं. तेव्हा आजच्या वाढीचा काही भाग गरजेपोटी आलेला असेल, काही विचारणाऱ्यानं नीट विचारल्यामुळे दिसलेला असेल. दिसणं ही लहान गोष्ट नाही. मदतनीस म्हणून का होईना, ती कागदावर आली.

मग नोंद झाली की पुरे? हा प्रश्न मला बीडकडे घेऊन जातो. दरवर्षी पावसाळा सरला की तिथून लाखो माणसं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात उतरतात. मजूर जमवणारा मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायको. तो तोडतो; ती पाचट काढते, मोळ्या बांधते, डोक्यावर वाहून गाडीपर्यंत नेते. अंधारात उठून भाकऱ्या थापून झाल्यावर हे सगळं. या बाईला कोणी 'घरी बसलेली' म्हणणार नाही. तिच्याशिवाय कोयताच होत नाही, हे मुकादमापासून कारखान्यापर्यंत सर्वांना माहीत आहे. तरीही उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, नवऱ्याच्या हातात पडते. बाळंतपण, पाळी, ताप यांनी खाडा झाला तर तो कोयत्याच्या हिशेबात धरला जातो, आणि फेड अंगावर राहिली की पुढच्या हंगामाला तिलाही जावं लागतं. पूर्ण सहभागी, पूर्ण मोजलेली, आणि स्वतःच्या नावावर एक रुपया नाही.

म्हणून 'बायकांनी बाहेर पडावं, टक्का वाढावा' हे मी इतकी वर्षं ज्या जोरानं म्हणत आले, तो जोर आता मला दुसरीकडे लावावासा वाटतो. बाहेर पडण्याआधी, त्या जे आधीच करत आहेत त्याची मजुरी त्यांच्या नावानं वेगळी निघायला हवी. सहभागही त्यानंच वाढतो. रोजगार हमीच्या कामावर महाराष्ट्रात बायका एवढ्या संख्येनं आल्या, कारण काम गावाजवळ होतं आणि हजेरीपटावर त्यांचं स्वतःचं नाव होतं. मध्य प्रदेशात अर्थशास्त्रज्ञ रोहिणी पांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगात रोजगार हमीची मजुरी घरातल्या पुरुषाच्या खात्याऐवजी बाईच्या स्वतःच्या खात्यात जमा झाली आणि ते खातं कसं वापरायचं हेही तिला शिकवलं गेलं. त्यानंतर बायका जास्त कामाला निघाल्या, सरकारी कामावर आणि इतर मजुरीवरही. तेव्हा खातं हे कामाचं फळ आहे तसं कामाचं कारणही आहे.

आपल्याकडे हे कुणाला सुचलं नव्हतं असं नाही. चांदवडच्या 1986 च्या महिला अधिवेशनानंतर शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं 'लक्ष्मीमुक्ती'ची मोहीम काढली: नवऱ्यानं आपण होऊन जमिनीचा काही हिस्सा बायकोच्या नावावर करावा. पुष्कळ शेतकऱ्यांनी केलाही. त्याच विचारानं पुढे जायचं तर साखर कारखान्यांनी आणि मुकादमांनी उचलीचा करार दोन नावांनी करावा, कोयत्याची मजुरी दोन खात्यांत निम्मी-निम्मी टाकावी, आणि सर्वेक्षणात मदतनीस म्हणून नोंदलेल्या प्रत्येक बाईला आणखी एक प्रश्न विचारावा: गेल्या वर्षी तुमच्या स्वतःच्या हातात किती पैसे आले?