न दिसलेला दोष

वस्तू बिघडली आणि बिघडलेलीच राहिली, तर तिच्याविषयी वाद होत नाही. वाद होतो तो कधी चालणाऱ्या, कधी न चालणाऱ्या वस्तूविषयी. सुरतेच्या कतारगाम भागात, जेथे हिऱ्यांना पैलू पाडण्याचे कारखाने गल्लोगल्ली आहेत, पिक्चर ट्यूबचा एखादा जुना मॉनिटर दुरुस्तीला आला अशी कल्पना करू. मालकाकडे त्याचे चित्र आक्रसते, थरथरते, मध्येच नाहीसे होते. दुरुस्तीच्या टेबलावर मात्र तेच यंत्र तासभर शहाण्यासारखे चालते. 'यात काही दोष नाही' असे म्हणण्याचा अधिकार कारागिराला आहे काय? प्रश्न कारागिरीचा दिसतो. आमच्या मते तो आधी ज्ञानाचा आणि मग नीतीचा आहे.

या लपंडावाचे कारण बहुधा साधे असते. मॉनिटरमधील फ्लायबॅक ट्रान्सफॉर्मरसारखा जड भाग सर्किट बोर्डावर सोल्डरने बसवलेला असतो. यंत्र तापले की धातू प्रसरण पावतो, निवले की आकुंचन पावतो. वर्षानुवर्षे हे चालले म्हणजे एखाद्या पिनेभोवती सोल्डरला केसाएवढी वर्तुळाकार चीर पडते. सांधा डोळ्यांना धड दिसतो, पण उष्णतेने संबंध तुटतो, तर कधी उलट तापल्यावरच जुळतो. पेटीवर थाप मारताच चित्र परत येते, म्हणून तर थापेचा उपचार घरोघरी रूढ झाला. थापेने दोष बरा होत नाही. तो सैल सांध्यात असावा, इतके मात्र कळते. कधी बिघाड केबलच्या पंधरा पिनांपैकी एकीत असतो. निळ्याची पिन सुटली की पांढरा पडदा पिवळा होतो, हिरव्याची सुटली की जांभळा. तेथे दोष आपले नाव स्वतःच सांगतो. असे सुख कारागिराला नेहमी लाभत नाही.

कुमारिल भट्टांच्या परंपरेतील मीमांसकांनी अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानले. भूमीवर घट दिसत नाही, म्हणून तेथे घट नाही. परंतु त्याला योग्यतेची अट आहे : घट असता तर तो दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी. अंधारात घट न दिसल्याने काहीच सिद्ध होत नाही. झाकण काढून पंख्याच्या वाऱ्यात ठेवलेला मॉनिटर हा आमच्या मते असाच अंधार आहे. मालकाच्या खोलीतली उष्णता तेथे नाही, तर दोष यावा कोठून? म्हणून कारागिराने झाकण लावून यंत्र तासन्तास चालवावे, संशयित भाग हेअर ड्रायरने तापवून पाहावा, निववून पाहावा, न वाहक काडीने हलके ठोकावे. (हे काम जाणत्याचेच. रंगीत ट्यूबवर पंचवीस हजार व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि यंत्र बंद केल्यावरही तो काही काळ टिकू शकतो.)

यात खरा अन्याय होतो तो मालकाच्या शब्दावर. त्याने दोष पाहिलेला असतो, कारागिराने पाहिलेला नसतो. तरी खोटा ठरतो तो पाहणाराच. रुग्णांनाही हा अनुभव नवा नाही. छातीतील धडधड दवाखान्यात पोचेपर्यंत थांबते आणि आलेख निर्दोष निघतो. वैद्यकाने रुग्णाचा शब्द खरा मानला, म्हणून चोवीस तास अंगावर बाळगायचे होल्टर यंत्र उपयोगात आले.

कतारगामचा मालक हिऱ्याच्या धंद्यातला असेल, तर त्याला हे समजावून सांगावे लागणार नाही. हिऱ्याच्या प्रतवारीत 'निर्दोष' याचा अर्थ दोष मुळीच नाही असा नसतो. सराईत पारख्याला दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून दोष आढळला नाही, एवढाच तो असतो. पाहण्याची अट शब्दातच बांधलेली आहे, आणि त्यामुळे त्या शब्दाची किंमत कमी झालेली नाही.

कारागिराची बाजूही आम्हांला दिसते. थोड्या मजुरीसाठी दिवसभर एका पेटीपुढे बसणे त्याला परवडत नाही, आणि न सापडलेल्या दोषाच्या शोधाचे पैसे मागणे त्यालाच अवघड वाटते. ते किती घ्यावेत, याचे उत्तर आमच्यापाशी नाही. पण पावतीवर 'दुरुस्त' हा एक शब्द लिहिण्याऐवजी त्याला इतके लिहिता येईल : झाकण लावून सहा तास चालवला, दोष आढळला नाही, पुन्हा आल्यास सुरू केल्यापासून किती वेळाने आला, ते टिपून आणावे.