कार्ड कोणते?



गेल्या रविवारी मिस्सानंतर चर्चच्या पायऱ्यांवर बराच वेळ वाद रंगला होता. सरकारने सर्वांनाच मोफत उपचार द्यावेत का, हा विषय. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना पूर्वी मुख्यत्वे पिवळ्या व केशरी शिधापत्रिकांसाठी होती. जुलै २०२४ पासून पांढऱ्या कार्डासह राज्यातील सर्व कुटुंबांना वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळू लागले. तरी कुरकुर संपली नाही. कोणी म्हणाले, “फुकट दिले की किंमत राहत नाही.” एक आजी पायऱ्या उतरता उतरता म्हणाल्या, “फादर, किंमत बिल आल्यावर कळते!”

हा वाद नवा नाही. १९४६ साली मूळचे नाशिकचे सर जोसेफ भोर यांच्या समितीने अहवाल दिला, की पैसे नाहीत म्हणून कोणीही उपचारांवाचून राहू नये. संत पोप तेविसावे जॉन यांनी १९६३ च्या आपल्या परिपत्रकात वैद्यकीय सेवा हा माणसाचा हक्क म्हटला. सेमिनरीत ‘सर्वहित’ या विषयावर आम्हीही पानेच्या पाने लिहिली आणि गुणही चांगले मिळवले.

पण मागच्या पावसाळ्यात एका रात्री चर्चच्या फाटकाशी एक परप्रांतीय बिगारी छातीला हात लावून बसलेला दिसला. त्याला पाहून आमच्या मनात पहिला प्रश्न आला तो असा : हा आपल्या धर्मग्रामातला आहे का? लाज वाटते, पण खरे आहे. दुसरा प्रश्न खर्चाचा होता. रिक्षातून एका खाजगी रुग्णालयात नेले, तर खिडकीवरच्या माणसाने अनामत रक्कम सांगितली. आम्ही योजनेचे नाव काढले. तो म्हणाला, “कार्ड कोणते?” कार्ड होते, पण गावी, दुसऱ्या राज्यात. आमचे ‘सर्व’ तिथे अडले.

आजच्या शुभवर्तमानातील शोमरोनी माणसाकडे आपण दयेचा पुतळा म्हणून पाहतो. त्याने जखमा बांधल्या हे आपल्या लक्षात राहते. पण तो हिशेबही करतो! उतारशाळेच्या रखवालदाराला दोन दिनार देतो. एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. शिवाय जास्त खर्च झाला तर परतताना देईन, असे सांगतो. जखमी माणूस कोणत्या गावचा, तो सावध का राहिला नाही, एकटा त्या वाटेने का गेला, यांपैकी काहीच विचारत नाही. याजक आणि लेवी वळसा घालून गेले, तेव्हा त्यांच्याही मनात काही योग्य कारणे असतीलच. आमच्या मनात होती.

करदात्याचा प्रश्न खोटा नाही. पैसा कुठे जातो, रुग्णालये खोटी बिले लावतात का, हे विचारलेच पाहिजे. विचारणाऱ्याला कोणी निर्दयी म्हणू नये. फक्त हा प्रश्न आपण खाटेजवळ उभे राहून विचारतो की फाटकातून, एवढे पाहावे.

अखेर पहाटे तो बिगारी सरकारी रुग्णालयात दाखल झाला. तिथे कार्ड कोणी मागितले नाही. कागदावर ‘नातेवाईक’ असा एक रकाना होता. कारकुनाने मान वर करून आमच्याकडे पाहिले, नाव विचारले आणि लिहून टाकले.