वाऱ्यातला वाटा

पावसाळ्यात मेढ्याच्या बाजारपेठेत वारा पडलेला असतो आणि त्याच वेळी वर कासच्या सड्यावर माणसाला ताठ उभे राहणे कठीण जाते. जावळी तालुक्याचे हे ठिकाण वेण्णेच्या खोऱ्यात, दोन डोंगररांगांच्या मध्ये वसले आहे. सड्याची उंची बाराशे मीटरच्या आसपास. नैर्ऋत्येकडून समुद्रावरून आलेला वारा तिथे मोकळा धावतो. खाली खोऱ्यात तो अडतो, वळतो, घुसळतो. त्यामुळे घरच्या घरी पवनचक्की करू पाहणाऱ्या मेढेकराला यंत्राच्या आधी वेगळेच कोडे सोडवावे लागते. आपल्या परड्यात वारा आहे किती, आणि तो कळायचा कसा?

भारतीय तर्कशास्त्राने हे कोडे फार गंभीरपणे घेतले होते. वैशेषिकांच्या नऊ द्रव्यांत वायू आहे. त्याला स्पर्श आहे, पण रूप नाही. मग तो प्रत्यक्ष जाणवतो म्हणायचे, की अनुमानाने कळतो? वैशेषिक भाष्यकार प्रशस्तपादांनी त्याच्या चार खुणा सांगितल्या: स्पर्श, शब्द, धृती आणि कंप. अंगाला काही लागते, पाने सळसळतात, गवताची काडी आणि ढग अधांतरी धरले जातात, फांद्या हलतात. यांवरून वारा आहे हे ठरवायचे. जुन्या परंपरेने वायू अनुमेय मानला. पुढे नव्य नैयायिकांनी पक्ष बदलला: त्वचेला जे लागते तेच वायूचे प्रत्यक्ष, त्यासाठी डोळ्यांची साक्ष कशाला हवी? ‘तर्कसंग्रह’ या न्यायाच्या पाठ्यग्रंथाच्या अभ्यासात हा वाद आजही येतो आणि तो कोरडा मुळीच नाही. जे दिसत नाही त्यावर विश्वास कशाच्या बळावर ठेवायचा, हा श्रद्धेचाही प्रश्न आहे.

इंग्रज आरमारातील फ्रान्सिस ब्यूफर्टने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी वाऱ्याच्या श्रेणी लावल्या, त्याही जहाजाच्या शिडांवर होणाऱ्या परिणामावरून. जमिनीवर वापरायच्या श्रेणीत पुढे पाने, फांद्या आणि धूर आले. आजच्या वेगमापकाच्या फिरत्या वाट्याही अनुमानच करतात, फक्त आकड्यांत.

आणि आकड्यांत केल्याशिवाय चालत नाही, कारण वाऱ्याचा हिशेब सरळ नाही. पाती फिरताना जे वर्तुळ व्यापतात त्याला कारागीर स्वेप्ट एरिया म्हणतात. दोन मीटर व्यासाच्या चक्कीचे हे क्षेत्र सुमारे ३.१४ चौरस मीटर भरते. सेकंदाला पाच मीटर वेगाने वारा वाहत असेल तर या वर्तुळातून साधारण २१५ वॅट शक्ती निघून जाते. वेग दुप्पट झाला की ती दुप्पट होत नाही, आठपट होते, म्हणजे १,७०० वॅटच्या वर जाते. वेग निम्म्यावर आला तर जेमतेम २७ वॅट उरतात. त्या वाऱ्यात चक्की बहुधा हलतही नाही. ज्या वेगाला ती वीज देऊ लागते तो कट-इन स्पीड, बहुतेक घरगुती यंत्रांत सेकंदाला तीन मीटरच्या आसपास. सडा आणि पेठ यांच्यातला फरक या घनाच्या नियमाने एवढा मोठा होतो. थोसेघरजवळ चाळकेवाडीला आणि पाटण तालुक्यात वनकुसवड्याला मोठ्या पवनचक्क्यांच्या रांगा पठारांवर उभ्या आहेत, त्या याच कारणाने.

आता कारागिरांच्या शब्दसंग्रहातला सर्वांत विचार करायला लावणारा शब्द: बेट्झचा नियम. वर्तुळातून २१५ वॅट जात असतील तर ते सगळे काढून का घेऊ नयेत? समजा, पात्यांनी वाऱ्याची सगळी गती शोषली. मग पात्यांमागे हवा थांबून राहील. थांबलेली हवा पुढच्या हवेची वाट अडवील, नवा वारा बाजूने निघून जाईल आणि चक्की बंद पडेल. घ्यायचे असेल तर जाऊ द्यावे लागते. किती जाऊ द्यायचे, याचे गणित गॉटिंगेनच्या आल्बर्ट बेट्झने १९२० मध्ये मांडले. मागे सुटणाऱ्या वाऱ्याचा वेग मूळ वेगाच्या एक तृतीयांश ठेवला तर सर्वाधिक शक्ती हाती येते, आणि ती एकूण शक्तीच्या सत्तावीस भागांतील सोळा भाग, म्हणजे ५९.३ टक्के. यंत्र कितीही उत्तम असले तरी उघड्या वाऱ्यातल्या चक्कीला या पलीकडे जाता येत नाही. घरी लाकूड तासून केलेल्या पात्यांची, हाताने गुंडाळलेल्या तांब्याच्या वेटोळ्यांची चक्की पंचवीस-तीस टक्क्यांवर समाधान मानते.

ईशावास्योपनिषदाचा पहिलाच मंत्र त्यागातून भोगावे असे सांगतो. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात देवांनी दिलेले त्यांना परत न करता भोगणाऱ्याला चोर म्हटले आहे. म्हणून बेट्झचा नियम आपल्या ऋषींना ठाऊक होता, असे कोणी म्हणू लागले तर ते थांबवायला हवे. उपनिषदात वायुगतिशास्त्र नाही. पण नीतीने सांगितलेली एखादी गोष्ट निसर्गात मोजून सापडते तेव्हा माणसाने विचारात पडावे, एवढे नक्की. संयम हा आपण बाहेरून लादलेला सद्गुण आहे, अशी सवयीची समजूत असते. इथे तो यंत्र चालण्याची अटच आहे.

स्कॉटलंडच्या स्कोरेग या द्वीपकल्पावर, जिथे वीजवाहिनी पोचलेली नव्हती, ह्यू पिगट यांनी घरगुती चक्कीचा आराखडा वर्षानुवर्षे घडवला आणि तो जगभर शिकवला. चपट्या तबकड्यांवर चुंबके, मध्ये राळेत बसवलेली वेटोळी, लाकडी पाती आणि मागे शेपूट. शेपटाचे एक काम चक्कीला वाऱ्यासमोर धरायचे. दुसरे काम याच्या अगदी उलट आहे. चक्र मनोऱ्याच्या मध्यापासून थोडे बाजूला बसवतात. वादळी वारा आला की तो चक्राला कडेला ढकलतो, तिरक्या बिजागरीवरचे शेपूट उचलले जाते आणि चक्की वाऱ्याला अंग देते. याला फर्लिंग म्हणतात. वारा उतरला की शेपूट स्वतःच्या वजनाने खाली येते. हे साधले नाही तर पाती तुटतात. बॅटरी भरल्यावरही चक्की नुसती सोडून चालत नाही. भार गेला की चक्र बेफाम होते. म्हणून उरलेली वीज हीटरमध्ये जिरवतात, तो डंप लोड. चांगल्या घरगुती चक्कीचे निम्मे कौशल्य असे नाकारण्यात आणि सोडण्यात खर्ची पडते.

मग जो सोडला तो वारा कोणाचा, आणि जो घेतला तो तरी कोणाचा?

जस्टिनियनच्या सहाव्या शतकातल्या रोमन विधिग्रंथाने हवा, वाहते पाणी आणि समुद्र सर्वांचे मानले. इंग्लंडमध्ये १८६१ साली एका पवनचक्कीवाल्याचा दावा न्यायालयापुढे आला. शेजारी शाळेची इमारत उभी राहून त्याचा वारा अडला होता. चक्की वर्षानुवर्षे त्या वाऱ्यावर चालत आली होती, तरी त्याला हक्क मिळाला नाही. भारताच्या १८८२च्या सुविधाधिकार कायद्यातही घराला वीस वर्षे मिळत आलेल्या उजेड-हवेला संरक्षण आहे, पण मोकळ्या जमिनीवर येणाऱ्या वाऱ्यावर वहिवाटीने हक्क सांगता येत नाही. जमिनीचा सातबारा निघतो, वाऱ्याचा निघत नाही. हे सुखद वाटते, पण त्यातून एक अवघड गोष्ट निघते: ज्याचा मालक नाही त्याच्या वतीने तक्रार कोण करणार?

सातारा-सांगलीच्या गावांनी या प्रश्नाला आपापल्या परीने तोंड दिले आहे. पवनचक्क्या ढग पळवतात, म्हणून पाऊस रुसला, असा समज दुष्काळाच्या दिवसांत या भागात पसरला होता. आफ्रिकेतल्या मलावीत चौदा वर्षांच्या विल्यम कामक्वांबाने सायकलचा डायनामो आणि भंगार वापरून चक्की केली, तेव्हा पुढच्या अवर्षणात तिथल्या लोकांनीही तिच्या पात्यांनाच दोष दिला. पन्नास-शंभर मीटर उंचीवरची पाती कित्येक किलोमीटर पसरलेल्या मोसमी ढगांना हाकलू शकत नाहीत. हा समज चूक आहे. मात्र त्यामागची शंका टाकाऊ नाही. कोणीतरी सर्वांच्या वस्तूतून काही घेत आहे आणि आपल्याला विचारलेले नाही, ही ती शंका.

तिचे उत्तर मोजून पाहिले गेले ते चाळकेवाडीच्याच पठारावर. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या मारिया ठाकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी सुमारे चौपट कमी आढळले. त्यांचे भय कमी झाल्याने सरडे वाढले. त्या सरड्यांच्या रक्तात ताणाचे संप्रेरक कमी होते, माणूस जवळ आला तरी ते लवकर पळत नव्हते, आणि नरांच्या गळ्याखालच्या पंख्यासारख्या पडद्याचा रंग फिका पडला होता. पाती फिरतात वर, बदल होतो जमिनीवरच्या सरड्याच्या गळ्यात. जैन विचाराने हवेलाच देह मानणारे वायुकायिक जीव मानले आणि साधूंना वारा घालून घेण्याचीही मनाई केली. सांगली परिसरातल्या जैन शेतकरी घरांत ही शिकवण परकी नाही. हवेतल्या अदृश्य जीवांबद्दल कोणाचे काहीही मत असो, हवेचा वापर म्हणजे कोणाच्या तरी आयुष्यात हात घालणे होय, हे चाळकेवाडीच्या नोंदी सांगतात. कोळशाच्या धुराशी तुलना केली तर पवनचक्कीचे पारडे निःसंशय जड आहे. तरीही घेतलेल्याचा हिशेब माफ होत नाही.

दोन मीटरच्या घरगुती चक्कीचा भार याच्या तुलनेत फारच लहान. तिच्यामागचा मंदावलेला, घुसळलेला वारा बराचसा पूर्ववत व्हायला व्यासाच्या पाच ते दहा पट अंतर लागते, म्हणजे दहा ते वीस मीटर. तेवढ्यात शेजाऱ्याचे अंगण येऊ शकते. मेढ्यासारख्या खोऱ्यात तर आधी वर्षभर वेग नोंदवावा, कारण या भागात वाऱ्याचा जोर जून ते ऑगस्टमध्ये एकवटतो आणि सरासरी सेकंदाला चार मीटरच्या खाली राहिली तर छपरावरचे सौर पॅनेलच बरे. त्या नोंदवहीत वेग आणि दिशेच्या शेजारी आणखी दोन रकाने आखता येतील: त्या दिशेने मागे कोणाचे घर आहे, आणि वरून कोणते पक्षी जातात. चक्की उभी करायची की नाही, हे चारही रकाने भरल्यावर ठरवावे.