खांबावरचं अभय

गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी गुणांची यादी आहे. अहिंसा, सत्य, दया, क्षमा सगळे तिथे आहेत. पण यादी सुरू होते ती अभयापासून. निर्भयतेला हा पहिला मान का, यावर भाष्यकारांनी पुष्कळ लिहिलं आहे. आईबापांपुढचा प्रश्न त्याहून अवघड आहे. हा गुण मुलाला द्यायचा कसा? खरं बोलावं, वाटून खावं, हे निदान सांगता तरी येतं. ‘भिऊ नकोस’ असं सांगून मात्र कुणाची भीती गेल्याचं ऐकिवात नाही. ती पोटात गोळा होऊन बसते, तळहाताला घाम आणते. शब्द तिथवर पोचतच नाहीत.

पुण्याने या प्रश्नाचं एक उत्तर दोनशे वर्षांपूर्वी लाकडात शोधलं. दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारी निजामाच्या मुलखातले अली आणि गुलाब हे दोन पहिलवान आले आणि त्यांनी कुस्तीचं आव्हान टाकलं. कुणी पुढे होईना. तेव्हा बाळंभटदादा देवधर या कोवळ्या पोराने मुदत मागून घेतली आणि वणीच्या सप्तशृंगीला जाऊन अनुष्ठान मांडलं. देवीच्या कृपेने मारुतीने दृष्टांत देऊन त्याला लाकडी खांबावरचे पेच दाखवले, अशी परंपरा आहे. परत येऊन त्याने अलीला चीत केलं. गुलाब आखाड्यात उतरलाच नाही. मल्लखांब त्याआधीही होता. चालुक्य राजा सोमेश्वराच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात त्याचा उल्लेख सापडतो. पण त्याला नवा जन्म दिला तो बाळंभटदादांनी.

दृष्टांताची कथा पुराव्याने सिद्ध होणारी नाही, पण तिची घडण बघण्याजोगी आहे. मुलगा देवीकडे बळ मागायला गेला आणि हाती आला तो एक खांब. म्हणजे वरदान म्हणून मिळाला तो सराव. मन वाऱ्यासारखं आहे, आवरत नाही, अशी तक्रार अर्जुनाने केली तेव्हा कृष्णानेही दोनच उपाय सांगितले: अभ्यास आणि वैराग्य. अभ्यास कोणत्याही क्लासात दिसतो. आठ वर्षांच्या मुलाचं वैराग्य बघायचं असेल, तर मल्लखांबाच्या हौद्याशी उभं राहावं.

खांब सागवानी किंवा शिसवी, वर निमुळता होत गेलेला, एरंडेल चोळून गुळगुळीत केलेला. मूल आधी त्याला हात लावून नमस्कार करतं. मग शिकतं ती अढी: मांड्यांच्या पकडीत खांब धरून डोकं खाली, पाय वर. सुरुवातीला कातडी सोलवटते, तेलकट खांब निसटतो. पकड जमली की शिकवणारा सांगतो, ‘आता हात सोड.’ आठवडेच्या आठवडे जातात ते या तीन शब्दांवर. पाय धरून ठेवतील हे मुलाला ठाऊक असतं, सर खाली उभे आहेत हेही दिसत असतं. तरी बोटं खांब सोडत नाहीत. मग एका संध्याकाळी सुटतात. भीती तशीच असते, छातीही धडधडत असते, पण त्या धडधडीसकट मूल उलटं लटकून दोन्ही हात पसरतं. अभय म्हणतात ते बहुधा असंच असावं.

मात्र याच ठिकाणी सगळ्यात जास्त सावध राहायला हवं. खांबाची भीती घालवण्यासाठी सरांची भीती घातली, तर मूल वर चढेल, हातही सोडेल. बघणाऱ्याला फरक कळणार नाही, पण आत जे घडतं ते अभयाच्या नेमकं उलट असतं. धाकातल्या अशाच निमूटपणाचा फायदा घेत अमेरिकेत जिम्नॅस्टिक्स संघाच्या डॉक्टरने वर्षानुवर्षं मुलींचं लैंगिक शोषण केलं. २०१८ मध्ये त्याला शिक्षा सुनावली गेली, तेव्हा दीडशेहून अधिक जणींनी न्यायालयापुढे आपली कहाणी मांडली. निमूट ऐकणं हा आपल्याकडेही सद्गुण मानला जातो. पण ज्या व्यायामशाळेत मुलाला ‘आज नको, दुखतंय’ म्हणता येत नाही, तिथे कितीही सुंदर मनोरे रचले गेले तरी अभय शिकवलं जात नाही. त्याच अमेरिकेची जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स हिने टोकिओ ऑलिंपिकमध्ये सांघिक अंतिम फेरीतून अंग काढून घेतलं, कारण हवेत गिरकी घेताना आपण कुठे आहोत हेच तिच्या शरीराला कळेनासं झालं होतं. साऱ्या जगादेखत थांबायला लागलेलं धैर्य उडीच्या धैर्यापेक्षा तसूभरही कमी नव्हतं. आठवड्याभराने परत येऊन तिने बीमवर कांस्यपदक मिळवलं.

पुण्यातल्या पेठांनी तालमीला देवापासून कधी तोडलं नाही. मानाचा तिसरा गणपती आजही गुरुजी तालमीच्या नावाने ओळखला जातो आणि मारुतीशिवाय तालीम तर कुणाला सुचतच नाही. समर्थ रामदासांनी गावोगाव बसवला तो हाच देव: अफाट ताकदीचा, आणि हात जोडून उभा राहणारा. १९२४ मध्ये कॅप्टन शिवरामपंत दामल्यांनी महाराष्ट्रीय मंडळ स्थापलं, तेव्हा व्यायामाला शिक्षणाची जोड दिली. बळ येतं तिथे त्याला वळणही लावावं लागतं, ही जाण या सगळ्यामागे आहे.

मुंबईत उदय देशपांडे यांनी दादरच्या कमला मेहता अंध विद्यालयातल्या मुलींना दोरीचा मल्लखांब शिकवला. या दोरीला गाठ नसते. पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या चिमटीत ती धरायची आणि वर सरकायचं. जिला आसन डोळ्यांनी बघता येत नाही, तिला ते हाताला हात लावून, शब्दाशब्दाने उलगडून द्यावं लागतं: गुडघा इथे, दोर पाठीमागून, आता मान वळव. तिच्यासाठी उंची म्हणजे पायाखालून सुटलेली जमीन आणि खालून येणारा ओळखीचा आवाज. त्या आवाजाने एकदा जरी फसवलं, तरी ती पुन्हा दोरीला हात लावणार नाही. तो खरा निघाला, की ती आणखी वीतभर वर सरकते.