होडी सोडली, गाडी धरली

वरळी कोळीवाड्यात होडी सोडून टेम्पो-ट्रकवर गेलेल्याला कुणीतरी विचारतंच, ‘परवडलं का रे?’ यांत्रिक होडीला १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी. गाडीला पावसातही भाडं मिळतं. पण होडी निघते भरती-ओहोटी बघून, गाडी शेठच्या फोनवर! जे होडीवरच राहिले, त्यांनी कोस्टल रोडच्या पुलाखालची वाट रुंद करून मागितली आणि २०२२ मध्ये खांबांमधलं अंतर ६० मीटरऐवजी १२० मीटर मान्य करून घेतलं. गेलेला चुकला, असं मी म्हणणार नाही. पोरांची फी समुद्र भरत नाही. तुम्हीही काम बदलणार असाल, तर पगाराइतकंच घरी परतायची वेळही आधी विचारून घ्या.